पॉम्पेई : ‘पापाची नगरी’ आणि तिथली माणसे

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरून येतो. राखेत गोठलेले मानवी देह, मागे गंभीर संगीत आणि भारदस्त आवाजातले निवेदन : ही पॉम्पेई, पापाची नगरी, इथले लोक रंगेलपणात बुडाले होते आणि एका क्षणात देवाने त्यांचे दगड केले. बयानांतही हा दाखला येतो, कौमे-लूतच्या अगदी शेजारी. ऐकणारा मान हलवतो, तौबा म्हणतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो.

दगड कोणाचेही झाले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. बाकीच्या गोष्टीला मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

पॉम्पेईवरचा हा निवाडा फार जुना आहे. शहरातल्या एका घराच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने दोन शब्द लिहून ठेवले होते : सदोम, गमोरा. म्हणजे हजरत लूत यांच्या कथेतली, वरून झालेल्या वर्षावात नष्ट झालेली गावे. लिहिणारा बहुधा यहुदी किंवा ख्रिस्ती असावा. यहुद्यांकडे तर असे म्हणायला ताजे कारणही होते. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम जिंकले, तिथले मंदिर जाळले गेले, हजारोंना गुलाम करून विकण्यात आले. इ. स. ७९च्या जूनमध्ये हाच टायटस सम्राट झाला आणि काही महिन्यांतच इटलीत व्हेसुव्हियस फुटला. त्यानंतर थोड्याच काळात रचलेल्या ‘सिबिलाइन ओरॅकल्स’च्या चौथ्या भागात या आगीचा संबंध निरपराधांच्या हत्येशी आणि देवाच्या कोपाशी जोडलेला आहे. ज्याचे घर आणि प्रार्थनास्थळ जाळले गेले त्याने असे म्हणावे, हे मी समजू शकतो. पण टायटस रोममध्ये सुखरूप होता. राखेखाली गेले ते दुसरेच लोक.

आपल्यापर्यंत पोचलेली आवृत्ती मात्र यहुद्यांकडून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची आहे. १८३४ साली एडवर्ड बुल्वर-लिटन या इंग्रज लेखकाची ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’ ही कादंबरी आली आणि प्रचंड गाजली. विलासी रोमन, कपटी पुजारी, सात्त्विक ख्रिस्ती आणि शेवटी सगळ्यांवर कोसळणारा डोंगर, असा तिचा मसाला. तिच्यावर नाटके झाली, मूकपट झाले, पुढे बोलपट आणि मालिका झाल्या. तोच मसाला आता उर्दू-मराठी निवेदनासह आपल्या हातात येतो. कुरआनात पॉम्पेईचे नाव नाही. जमिनीवर हिंडा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असा आग्रह मात्र पुन:पुन्हा आहे. पॉम्पेईत पाहण्यासारखे भरपूर आहे.

दक्षिण इटलीत नेपल्सच्या आखाताकाठी ही गावे होती. पॉम्पेई हे दहा-बारा हजार वस्तीचे व्यापारी शहर, हर्क्युलेनियम समुद्राला लागून असलेले चार-पाच हजारांचे छोटे गाव. डोंगराच्या उतारावर द्राक्षमळे होते. तो जागा होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. इ. स. ६२च्या सुमारास मोठा भूकंप झाला. सेनेका या रोमन विचारवंताने त्यात सहाशे मेंढ्यांचा कळप मेल्याची नोंद केली आहे. सतरा वर्षांनंतरही पॉम्पेईत दुरुस्त्या चालूच होत्या; कुठे चुन्याचे ढीग पडलेले, कुठे भिंतीवरचे चित्र अर्धवट.

स्फोटाचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत एकाच माणसाने लिहून ठेवला आहे. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या पलीकडच्या टोकाला, मिसेनम इथे मामाकडे राहत होता. मामा म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख आणि निसर्गावरच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता. दुपारी डोंगरावर पाइनच्या झाडासारखा ढग उभा राहिलेला दिसला. मामाला आधी कुतूहल वाटले, मग मदतीची चिठ्ठी आली आणि तो जहाजे घेऊन निघाला. स्टेबिये इथे उतरला; लोक डोक्याला उश्या बांधून बाहेर पडत होते, कारण वरून दगड पडत होते. दुसऱ्या दिवशी तिथेच किनाऱ्यावर तो मेला. भाचा आईसह गर्दीबरोबर पळाला. अंधारात कोणी मुलांना हाका मारत होते, कोणी देवांपुढे हात पसरत होते, आणि आता देवच उरले नाहीत, असे म्हणणारे त्याहून जास्त होते, असे त्याने पुढे टॅसिटस या इतिहासकाराला पत्रातून कळवले.

(ही घटना २४ ऑगस्टची, असे शाळेच्या पुस्तकांत असते. प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांतून ती तारीख आली. पण २०१८ साली एका घरात कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्याची तारीख सापडली, आणि राखेत डाळिंबे व शेगड्या आधीपासूनच मिळत होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीचा पक्ष आता वजनदार आहे.)

पॉम्पेईवर पहिले अठरा तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव होत राहिला. छपरे कोसळली, गल्ल्या भरल्या. पण या काळात शहर सोडता येत होते आणि पुष्कळांनी सोडलेही. ‘एका क्षणात’ वगैरे काही झाले नाही. मारक ठरले ते नंतरचे, तापलेला वायू आणि राख यांचे डोंगरावरून धावत आलेले लोट. हर्क्युलेनियमवर ते रात्रीच पोचले, पॉम्पेईवर दुसऱ्या दिवशी सकाळी. पॉम्पेईत आजवर हजाराहून थोडे अधिक मृतदेह सापडले आहेत. त्यांतले चारशेच्या आसपास दगडांच्या थरात, म्हणजे बहुधा छपराखाली दबलेले. उरलेले सगळे लोटांत. हर्क्युलेनियममध्ये लोक गेले कुठे, असे बराच काळ वाटत होते. १९८०पासून किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानी उकरल्या गेल्या आणि तिथे सुमारे तीनशे सांगाडे एकमेकांना चिकटून बसलेले मिळाले. होडीची वाट पाहत होते.

एस्टेल लेझर या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने पॉम्पेईतल्या हाडांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मागे राहिलेले म्हणजे म्हातारे, आजारी आणि बायका असतील, असा जुना समज होता. हाडांत तसे काही दिसले नाही. मेलेल्यांत सगळ्या तऱ्हेची माणसे आहेत. मग तिथे निवड झाली होती, पापी वेचले गेले होते, हे कशावरून म्हणायचे?

ही गावे पुढे विस्मरणात गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने थेट पॉम्पेईच्या पोटातून कालवा नेला, कोरीव लेखही लागले, तरी हे शहर कोणते ते कोणाच्या ध्यानात आले नाही. १७०९ साली विहीर खोदताना हर्क्युलेनियमचे संगमरवर लागले. १७३८ पासून नेपल्सच्या राजाने तिथे आणि १७४८ पासून पॉम्पेईत रीतसर खोदकाम सुरू केले. रीतसर म्हणजे काय, तर राजवाड्यासाठी मूर्ती काढणे. आल्कुबिएरे हा स्पेनचा लष्करी अभियंता शिक्षा झालेल्या कैद्यांकडून बोगदे खणून घेत असे. एका लेखाची धातूची अक्षरे मजकूर उतरवून न घेताच भिंतीवरून उपटून टोपलीत भरली आणि तशीच राजापुढे ठेवली, अशी तक्रार विंकलमन या जर्मन अभ्यासकाने केली आहे. ही पॉम्पेई आहे, हे नक्की कळायला १७६३ उजाडले.

आणि याच राजघराण्याने ‘पापाची नगरी’ कुलूपबंद केली. खोदकामात नग्न मूर्ती, कामचित्रे आणि शिस्नाच्या आकाराचे दिवे, घंटा अशा वस्तू रोज निघत होत्या. १८१९ साली राजपुत्र फ्रान्सिस बायको-मुलीसह संग्रहालयात आला, बिथरला आणि असल्या वस्तू वेगळ्या खोलीत बंद करण्याचा हुकूम दिला. त्या खोलीला ‘गुप्त दालन’ म्हणतात. मधल्या काळात ते कधी उघडले, कधी मिटले. सर्वांसाठी खुले झाले ते २००० साली. आता गंमत अशी की, यांतल्या बऱ्याच वस्तू रोमनांच्या लेखी अश्लील नव्हत्याच. दुकानावर टांगलेले शिस्न हे नजर लागू नये म्हणून. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची असते तसे. सगळे शहरभर विखुरलेले होते ते उचलून एका खोलीत कोंबले, की त्या शहराला दुसरा धंदाच नव्हता असे वाटू लागते.

याच दालनात एक वीतभर उंचीची हस्तिदंती बाई उभी आहे आणि तिचा संबंध थेट आपल्या मराठवाड्याशी लागतो. १९३८ साली पॉम्पेईच्या हमरस्त्यावरच्या एका घरात ती अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला सापडली. अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणण्याची पद्धत पडली, पण ती यक्षी असावी असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. डोक्यावर भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. जालना जिल्ह्यातले भोकरदन, प्राचीन भोगवर्धन, इथल्या उत्खननात तशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती भग्न अवस्थेत मिळाली. तेरची हस्तिदंती बाई तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येते. म्हणून ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, हे मत मांडले गेले. तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, त्यामुळे वायव्येकडेही बोट दाखवले जाते. ती घडली कुठेही असो, वाट ठरलेली होती. पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई, तिथून तांबड्या समुद्रातून इजिप्तला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या सागरदेवाची कांस्यमूर्ती याच व्यापारातून उलट दिशेने आली. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स खाऊन जातो, अशी कुरकुर एका रोमन ग्रंथकाराने केली आहे. तो ग्रंथकार म्हणजे स्टेबियेच्या किनाऱ्यावर मेलेला थोरला प्लिनीच.

आता पापाकडे वळू. पॉम्पेईत नि:संशय वेश्यागृह म्हणता येईल अशी एकच इमारत आहे, १८६२ साली उकरलेली : दहा कोंदट खोल्या आणि दगडी ओटे. गाइड पर्यटकांना तिथे हमखास नेतो, आणि रांगेत उभे राहून लोक भिंतीवरची चित्रे पाहून खिदळतात. ओट्यांकडे फारसे कोणी बघत नाही. तिथल्या बायकांपैकी बहुतेक गुलाम होत्या. भिंतींवरच्या नावांत ग्रीक, पूर्वेकडची नावे पुष्कळ आहेत. शहरात अन्यत्र, वेत्ती बंधूंच्या प्रसिद्ध घराच्या दारापाशी, एक जाहिरात खरवडलेली आहे : युतिखिस, ग्रीक, वागायला गोड, दोन आस. आस म्हणजे तांब्याचे नाणे. त्याची किंमत काय होती? एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर भाव लिहिलेले आहेत : एक आसला साधी दारू, दोनला बरी, चारला फालेर्नियन, म्हणजे उंची. युतिखिस बऱ्या दारूच्या एका पेल्याएवढी होती, उंचीच्या निम्मी. ते पैसेही तिच्या हातात राहत नसत.

या भिंतीवरून शहराला पापी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण मग पाप कोणाचे आणि मेले कोण, हे एकदा मांडून दाखवावे लागेल.

पॉम्पेईतली गुलामी कोपऱ्यात झाकलेली नव्हती, तिच्यावरच शहर चालत होते. २०२३ साली नवव्या विभागात एक बेकरी उकरली गेली. तिला रस्त्याकडे दारच नाही. खिडक्या लहान, उंचावर आणि लोखंडी गजांच्या. जात्यांभोवतीच्या फरशीत खोबणी कोरलेल्या, म्हणजे डोळे बांधलेले गाढव आणि त्याच्याबरोबरचा माणूस एकाच चाकोरीत फिरत राहील. शहराच्या भिंतीबाहेर चिविता जुलियाना इथल्या एका वाड्यात २०२१ मध्ये सोळा चौरस मीटरची खोली सापडली. तीन खाटा, त्यांतली एक लहान, मुलाच्या मापाची. कोपऱ्यात मडकी, घोड्याच्या साजाचे सामान ठेवलेली पेटी, वर एक झरोका. भिंतीला रंग नाही. सारवलेल्या भिंती आणि ट्रंकांच्या उतरंडीत झोपणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही खोली अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की या तिघांना ती सोडून जाण्याची मुभा नव्हती.

हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेली एक अख्खी पाव-भाकरी मिळाली आहे, आठ भाग पाडलेली. तिच्यावर शिक्का आहे : क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम केलेर याची. धन्याचे आणि गुलामाचे नाव एका भाकरीवर टिकून राहिले.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते ती एका मुलीची फिर्याद. हर्क्युलेनियमच्या एका घरात मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. या गावावर वीस मीटरहून जाड थर बसला, त्यामुळे पॉम्पेईत कुजून गेले ते लाकूड इथे पुष्कळ ठिकाणी कोळशाच्या रूपात तगले. पाट्यांवर इ. स. ७५-७६ च्या एका खटल्याचे कागद आहेत. पेट्रोनिया युस्ता म्हणते, मी जन्माने स्वतंत्र. कारण माझी आई व्हिटालिस गुलामीतून सुटली त्यानंतर मी जन्मले. आईच्या जुन्या धन्याची बायको कालातोरिया थेमिस म्हणते, छे, तू आधी जन्मलीस, आम्ही तुला सोडले म्हणून तू सुटलीस, म्हणजे तुझ्यावर आमचा हक्क आहे. सगळा वाद एका जन्मतारखेचा, आणि जन्माचा दाखला नाही! मग साक्षी. त्याच घरातला, गुलामीतून सुटलेला एक माणूस मुलीच्या बाजूने बोलतो. एक साक्षीदार उलट बोलतो. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याची जबानी दुसरा लिहितो. आपण कोण, इथलेच ना, हे कागदाने सिद्ध करायची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला या पाट्यांचा सूर लगेच ओळखता येईल. प्रकरण रोमला गेले. निकालाची पाटी नाही. तीन वर्षांनी डोंगर फुटला.

राहिले ते ‘दगडाचे’ देह. लोटांतली राख देहांभोवती घट्ट बसली, देह कुजले आणि आत पोकळी राहिली. १८६३ साली जुझेप्पे फियोरेल्ली याने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. म्हणजे व्हिडिओत दिसते ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले प्लास्टर, आत थोडी हाडे. असे शंभराच्या आसपास साचे आहेत, आणि प्रत्येकावर आपण गोष्ट चिकटवली. सोन्याचे कडे घातलेली व्यक्ती आणि मांडीवरचे मूल : अर्थातच आई आणि बाळ. मिठीतल्या दोन आकृती : दोन बहिणी, किंवा मायलेकी. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये काही साच्यांतल्या हाडांच्या डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडे घातलेली ‘आई’ पुरुष निघाली, मुलाशी तिचे रक्ताचे नाते नाही. मिठीतल्या दोघांपैकी किमान एक पुरुष. ज्यांचे वंशमूळ कळले, त्यांच्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून अलीकडे आलेल्यांचा अंश मोठा. अर्थात त्या पुरुषाने शेवटच्या क्षणी परक्या मुलाला जवळ घेतले होते की नाही, हे डीएनए सांगत नाही. पण आई-बाळाच्या जुन्या गोष्टीपेक्षा ही शक्यता मला कमी मोलाची वाटत नाही.

वाचलेल्यांचे काय झाले, याची कथा क्वचित सांगितली जाते. तिच्यात शिक्षा नाही ना! सम्राट टायटसने कॉन्सल राहिलेल्यांतून मदतकार्यासाठी अधिकारी नेमले आणि वारस न उरलेल्यांची मालमत्ता पुनर्बांधणीला लावली, असे सुएटोनियस लिहितो. स्टीव्हन टक या अमेरिकन अभ्यासकाने पॉम्पेई-हर्क्युलेनियमची खास घराण्याची नावे आसपासच्या नेपल्स, क्युमी, पुतेओली, ओस्तिया या शहरांच्या लेखांत शोधून काढली. ती माणसे तिथे स्थिरावली, लग्ने झाली, मुले झाली.

सगळ्यांना ते जमले नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये पॉम्पेईच्या उत्खनन विभागाने शहराच्या दक्षिण भागातले पुरावे मांडले : राखेतून वर डोकावणाऱ्या मजल्यांवर लोक परत येऊन राहिले होते. ज्यांना दुसरीकडे जायला ठिकाण नव्हते, किंवा पुरलेल्या घरांतून काही हाती लागेल अशी आशा होती, असे लोक असावेत. एके काळच्या तळमजल्याच्या खोल्या त्यांची तळघरे झाली. तिथे त्यांनी चुली मांडल्या, भट्ट्या घातल्या, जाती बसवली. ही वस्ती पाचव्या शतकापर्यंत कशीबशी टिकली. तिच्या खुणा आधीच्या दीड-दोनशे वर्षांच्या खोदकामात अनेक जागी लागल्या असणार. पण खालची रंगीत चित्रे गाठायची घाई होती, तेव्हा वरचा थर नोंद न करताच काढून टाकण्यात आला.